परागंदा

गावच्या दप्तरात माणूस सापडतो तो जमिनीमुळे. सातबाऱ्यावर नाव असेल, फेरफारात वारस म्हणून चढलं असेल, कूळ म्हणून लागलं असेल, तरच तो होऊन गेला असं दप्तर मानतं. माझी सगळी नोकरी सिंधुदुर्गात तलाठी म्हणून झाली, त्यामुळे हे मी फार जवळून पाहिलं आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात बरीचशी गावं खोती. सरकारचा धारा खोत भरायचा आणि खोताच्या मळ्यात भात लावणाऱ्याचं नाव असलंच तर खोताच्या घरच्या वहीत असायचं. जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे तेव्हाच्या गाव नमुना चौदात होत असे खरी, पण मी हाताळलेली सर्वांत जुनी कोतवाल बुकं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. त्याआधी गाव सोडून गेलेल्या कुळाचा पत्ता आमच्या कपाटात लागत नाही.

आणि त्याच काळातला तोच माणूस समुद्रापलीकडे मात्र बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, उतरल्याची तारीख, मालकाचं नाव आणि मेल्याचा दिवस, इतक्या तपशिलासह लिहिलेला आहे. मॉरिशसमध्ये मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे ही रजिस्टरं ठेवली आहेत. युनेस्कोने २०१५ साली त्यांना जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. ज्याला गावाने लिहिलं नाही, त्याला परक्या सरकारने रकाना रकाना भरून लिहून ठेवलं. ते त्याच्या मायेपोटी लिहिलेलं नाही, हे ती रजिस्टरं वाचताना विसरून चालत नाही.

मला या वाटेला आणलं वाक्वा इथल्या एका शिक्षिकेने. त्या मराठी शिकवतात. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते, आणि आपल्या जाखडीला ते लोक झाकरी म्हणतात आणि अजून नाचतात. ‘आदरणीय काका, सा. न.’ अशी सुरुवात करून त्यांनी लिहिलं होतं की माझ्या पणजोबांचे वडील तुमच्या बाजूचे असावेत, त्यांचं गाव शोधून द्याल का? सोबत एका मृत्युनोंदीची प्रत होती. घरच्यांच्या इच्छेनुसार इथे मी कुणाचं नाव देत नाही.

वंशावळ शोधणारे बहुतेक लोक जन्मापासून सुरुवात करू पाहतात आणि तिथेच अडतात. परदेशी गेलेल्या माणसाच्या बाबतीत उलटं चालावं लागतं. आपल्यापासून बाप, आजा, पणजा असे जन्माचे आणि लग्नाचे दाखले जोडत मागे जायचं आणि त्या मूळ पुरुषाच्या मृत्यूच्या नोंदीपाशी थांबायचं. मॉरिशसमध्ये राज्य इंग्रजांचं, पण नोंदणीची घडी आधीच्या फ्रेंचांनी घालून दिलेली. मरण आलं की कुणीतरी कचेरीत जाऊन वर्दी द्यायची, साक्षीदारांची नावं लागायची, आणि मेलेला हिंदुस्थानातून आलेला मजूर असेल तर नावापुढे त्याचा नंबर लिहायचा. हा नंबर म्हणजे किल्ली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताना मिळालेला, आणि मरेपर्यंत न बदललेला. आडनाव त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. त्याचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. लक्ष्मणाचे वंशज तिथे लुक्सिमों होतात. म्हणून परब, गावडे, राणे असं काही हाती धरून तिकडे गेलात तर रजिस्टरं बोलत नाहीत. नंबर धरून गेलात तर लगेच बोलतात.

हा नंबर द्यायची गरज का पडली ते सांगायला हवं. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली ती मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून. उसाच्या मळेवाल्यांनी त्याच्या आधीच माणसं शोधायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तो दिवस मॉरिशस आजही पाळतो. सुरुवातीला इतकी लूट आणि फसवणूक झाली की १८३८ साली हिंदुस्थान सरकारला ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, आता सरकारी देखरेखीखाली, आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन बंदरांतून. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या लहानशा बेटावर उतरली. १८५९ या एकाच वर्षात ४०,००० हून अधिक. सुमारे एक तृतीयांश लोक केव्हा ना केव्हा परतले, बाकीचे तिथलेच झाले.

यात मुंबई बंदराचा वाटा लहान. पण जो होता त्यात कोकणचा माणूस होता: मराठा, कुणबी, महार. भाताचा निम्मा वाटा खोताकडे, वेठ वेगळी, आणि नाचणी संपली की आषाढ-श्रावण कंदमुळांवर. मुंबईला जायची सवय कोकणाला तेव्हाच लागली होती. पाऊस संपला की मचव्यातून, फत्तेमारीतून माणसं बंदरावर कामाला जात. तिथे मुकादम भेटे. पुष्कळदा तो स्वतःच मॉरिशसला राहून आलेला आणि आपल्याच बाजूचा असे, म्हणून त्याच्या बोलण्यावर विश्वास बसे. महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, अंगाला कपडा. लिहिलेलं खरं होतं. न सांगितलेलं असं की एक दिवस कामाला चुकलं तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८६० च्या दशकात मुंबईतच कापसाची तेजी आली, रेल्वेची कामं निघाली, गिरण्या वाढल्या, आणि कोकण्याला बेटावर जायची गरज उरली नाही. मुंबईची ती वाट जवळजवळ आटली. त्यामुळे तिथल्या मराठी घरांचे मूळ पुरुष बहुतेक त्याआधीचे, हा शोधणाऱ्याला मोठा आधार आहे. पुढे मॉरिशसची साखर मुंबईच्या बाजारात इतकी आली की आमच्या लहानपणीही म्हाताऱ्या बायका पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत. तो ऊस तोडायला कोण गेलं होतं, याची चर्चा मात्र घरात कधी ऐकली नाही.

आता त्या मृत्युनोंदीकडे येतो. सन १८८१. ठिकाण ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातला एक उसाचा मळा. धंदा मजुरी. वय पंचावन्न. आई-बाप अज्ञात. नावापुढे सहा आकडी नंबर. वर्दी देणारा एक माणूस, त्याच्या नावापुढेही नंबर. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘आई-बाप अज्ञात’ या शब्दांपाशी बराच वेळ थांबलो. वर्दी देणाऱ्याला ठाऊक नसेल किंवा कारकुनाने विचारलं नसेल. पण रजिस्टरात पंचवीस वर्षांमागे तोच माणूस स्वतःच्या तोंडाने बापाचं नाव सांगून गेला होता, आणि ते लिहिलेलं होतं. मृत्यूचा कागद शेवटचा असतो म्हणून तो सगळ्यांत खरा असं नाही. ज्याच्याविषयी तो आहे तो माणूस बोलायला हजर नसतो. वयाचंही तसंच. जहाजावरून उतरताना बावीस, म्हणजे मेला तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस व्हायला हवा. मळ्यातल्या कामाने तो पंचावन्नचा दिसत असेल. वयाच्या रकान्यावर कुणाची ओळख ठरवू नये, नंबर आणि बापाचं नाव या दोन गोष्टींवर ठरवावी.

शिक्षिकाबाईंनी मोकाला जाऊन नंबर काढला. उतरवून पाठवलेली ओळ अशी: नंबर, नाव, बापाचं नाव, वय २२, उंची पाच फूट दोन इंच, उजव्या पोटरीवर जखमेचा वण, जात मराठा, मग गाव, परगणा, जिल्हा, मग जहाज आणि उतरल्याची तारीख, मग ज्याच्याकडे नेमला त्या मळेवाल्याचं नाव. उंची आणि वण कशासाठी? पळाला तर पकडता यावा म्हणून. पोर्ट लुईला १८४९ पासून उतरवून घेण्याचा तळ होता, आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. समुद्रातून वर येणाऱ्या त्या सोळा दगडी पायऱ्या चढल्या की माणसाची पहिली गाठ कारकुनाशी. कारकुनाला मराठी येत नसे. महिना-दीड महिना शिडाच्या जहाजात काढलेला, दर्याने हैराण झालेला, मालवणीत गाव सांगणारा पोरगा समोर, आणि लिहिणारा त्याच्या कानाला लागेल ते इंग्रजी अक्षरात उतरवणारा. रत्नागिरीचं रटनाघेरी होतं ते समजतं. पण गावाचं नाव त्या ओळीत जे होतं त्यावरून तळवडेही होत होतं आणि तुळसही. तळवडं सावंतवाडीत आहे तसं राजापुरातही आहे. शिवाय आजचा सिंधुदुर्ग १९८१ साली निघाला, त्याआधी मालवण, देवगड सगळं रत्नागिरीतच, आणि सावंतवाडी तर संस्थान. जिल्हा रत्नागिरी लिहिलंय म्हणून आजच्या रत्नागिरीत शोधत बसलं तर जन्म जायचा.

अशा वेळी एक करावं. आपल्या माणसाची ओळ सोडून शेजारच्या ओळी वाचाव्यात. मुकादमाने एका वाडीतली पोरं एकत्र आणलेली असत, ती बंदरावर एकत्र बसत, जहाजात एकत्र आणि धक्क्यावरही एकामागून एक उभी राहत. म्हणून त्यांचे नंबर लागून येतात. मी बाईंना कळवलं की मागचे-पुढचे दहा-दहा नंबर पाठवा. त्यातल्या तिघांचं गाव तेच होतं, आणि एका ठिकाणी कारकून वेगळा असावा, कारण तिथे नाव इतकं स्वच्छ लिहिलं होतं की वादच उरला नाही. आमच्या बाजूचं, ओहोळाच्या काठचं एक गाव. त्या तिघांतल्या एकाचा नंबर पाहून मी मृत्युनोंद पुन्हा काढली. १८८१ साली कचेरीत जाऊन वर्दी देणारा तोच होता. एका जहाजातून उतरल्यापासून ते मरणाची वर्दी देईपर्यंत हे दोघे एकमेकांना धरून राहिले होते. कुणाच्या आठवणीत न उरलेली ही मैत्री दोन आकड्यांमुळे कळली. सबंध शोधात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हेच.

मधल्या वर्षांचा एक कागद आणखी निघाला, आणि त्यावर फोटो. १८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये हिवतापाने हजारो माणसं मेली. त्याच सुमारास, १८६७ साली, मळेवाल्यांच्या सरकारने नवा कायदा केला. करार पुरा करून मोकळा झालेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. तिकिटाशिवाय रस्त्यात सापडला की तो भटक्या ठरून तुरुंगात. हरवलं तर नव्यासाठी पैसे मोजायचे. याविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला, त्यांच्या बाजूने आदोल्फ द प्लेवित्झ हा युरोपीय माणूस उभा राहिला, आणि विलायतेहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. त्या जुलमी कायद्यामुळेच आज हजारो घरांत मूळ पुरुषाचा चेहरा आहे. आमच्या माणसाचाही आहे. उघडं कपाळ, गालफडं बसलेली, नजर थेट कॅमेऱ्यात. त्याच्या वयाच्या कुठल्याही कोकणी कुळाचा फोटो त्या काळी कोकणात निघालेला मी पाहिलेला नाही.

गाव ठरल्यावर काम माझ्याकडे आलं. दप्तरात काही मिळणार नव्हतं हे ठाऊकच होतं, तरी जुनी पानं चाळली आणि मिटली. मग त्या वाडीत गेलो. एका घरातल्या वयस्क काकी म्हणाल्या, “आमचो एक आजो काळ्या पाण्यार गेलेलो, असा सासूबाय सांगी.” काळं पाणी म्हटल्यावर घरातले तरुण जरा ओशाळले. त्यांना वाटत होतं खुनाबिनाची शिक्षा असावी. ही गल्लत पुष्कळ ठिकाणी होते, आणि तिला थोडा आधारही आहे. मजुरांच्या आधी, १८१५ पासून, हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले जात. डार्विन १८३६ साली त्या बेटावर उतरला तेव्हा त्याने ते पाहिले होते. पण ती पाठवणी १८३७ मध्ये थांबली आणि त्या कैद्यांच्या नोंदी वेगळ्या. बंद झाल्यानंतर वीसेक वर्षांनी, मळेवाल्याच्या नावे नेमून उतरलेला माणूस कैदी नव्हता. हे मी त्यांना फोटो आणि ओळ दाखवून समजावलं. घरातली चार पिढ्यांची एक लाज अशी कागदाने जाते, म्हणून मला हे काम करावंसं वाटतं.

काकींनी मग माळ्यावरची पेटी काढायला लावली. तिच्यात मोडीतलं एक वाटणीपत्र होतं, शके १७९७ चं, म्हणजे १८७५ सालचं. जमीन खोताची, तेव्हा तिची वाटणी नाही. वाटले होते ते घर, चार माड, एक फणस, तांब्याची घागर, दोन पितळी पराती. भावांची नावं क्रमाने, बापाचं नाव पुढे. तिसऱ्या भावाच्या नावापाशी लिहिलं होतं: परागंदा, बारा वर्षांवर वार्ता नाही, पालाशविधी केला, सबब हिस्सा नाही.

बारा वर्षं माणसाची खबर नसली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, सुतक धरायचं, पिंड द्यायचे, अशी आपल्याकडे रीत. त्याशिवाय घरातली कार्यं अडतात, बायको असेल तर तिचं काय हे ठरत नाही. त्या घराने रीतीप्रमाणे त्याला मेलेला मानलं. गावातला त्याच्या नावाचा एकुलता एक कागद हा, आणि तो खोटा. १८७५ साली तो जिवंत होता, खिशात फोटोचं तिकीट घेऊन ऊस तोडत होता, त्याला तोवर तीन मुलं झाली होती. पुढची सहा वर्षं तो जगला. तिकडच्या रजिस्टरात लिहिलेलं बापाचं नाव आणि इकडच्या वाटणीपत्रातलं बापाचं नाव एकच, त्याचं स्वतःचं नाव एकच, गाव एकच, आणि त्याच जहाजातून गेलेल्या, मरणाची वर्दी देणाऱ्या सोबत्याचं घर त्याच वाडीत वरच्या अंगाला, जिथे आज नुसता चौथरा आहे. माझ्या मनात शंका उरली नाही.

कागद कळवल्यावर दोन्ही घरांचं फोनवर बोलणं झालं. काकींनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की तो कुठल्या तिथीला गेला. इतकी वर्षं त्याला सर्वपित्रीला इतरांबरोबर पान मिळत होतं, कारण पळसाच्या पुतळ्याला तिथी नसते. मृत्युनोंदीत इंग्रजी तारीख होती. गावच्या भटजींनी जुनं पंचांग लावून तिथी काढून दिली, आणि आता त्या दिवशी म्हाळाला त्याच्या नावाने वेगळं पान वाढतात.

अशी पत्रं आता इतरांकडेही येऊ लागली आहेत. २०२४ साली भारत सरकारने मॉरिशसच्या भारतवंशीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड द्यायचं जाहीर केलं, त्यामुळे मूळ पुरुषाचा नंबर शोधणं तिकडच्या घरांना गरजेचं झालं. पण पुरावा हवा म्हणून सुरू केलेला शोध त्यांना गावापर्यंत यायला लावतो, आणि गावात तलाठ्याच्या टेबलाशी येऊन तो थांबतो. नव्या तलाठ्यांना मी सांगतो की ‘दप्तरात नाही’ एवढं लिहून परत पाठवू नका. त्या माणसांना वाडीवर पाठवा. गुरवाकडे, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे, माळ्यावरच्या पेटीकडे. मोडी वाचणारा मिळत नसेल तर मला बोलवा. वाटणीपत्रात परागंदा असा शेरा असेल तर त्याची प्रत करून ठेवा.

शिक्षिकाबाईंचं पुढचं पत्र त्या माणसाच्या बायकोविषयी आलं. धार्मिक रीतीने लागलेलं लग्न तिकडच्या सरकारी कागदाला तेव्हा मान्य नसे, म्हणून पहिली दोन मुलं आईच्या नावावर नोंदलेली आहेत आणि तिसरं बापाच्या. आईचा नंबर त्याच नोंदींत आहे. तो लावून पाहिल्यावर ती कोकणातली नाही असं निघालं. मुंबईच्या जहाजांतून बायका फार थोड्या गेल्या, तेव्हा अशी लग्नं होणारच. ती मद्रासहून आलेल्या जहाजातली. बापाचं नाव तेलुगू वळणाचं, जिल्हा विशाखापट्टणम, वय सतरा, सोबत एक बहीण, नंबर लागूनच. तेलुगू मला येत नाही. माझ्याबरोबर जमाबंदीच्या प्रशिक्षणाला आंध्रातला एक अधिकारी होता, त्याला त्या दोन ओळी पाठवल्या आहेत आणि सोबत लिहिलं आहे की मागचे-पुढचे नंबरही मागवून घ्या.